पोरांनी भरलेले थिएटर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला इथे बोलायला उभे केले ते माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे, हे तुम्ही सर्वजणी जाणताच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गेल्या श्रावणात आपल्या मंडळाने आळीतली तेवीस मुले चिंचवडला सिनेमाला नेली. त्या सहलीचा पैशाचा हिशेब चिटणीसबाईंनी आताच वाचून दाखवला. 'हिशेबात न बसलेले तू सांग,' असा त्यांचा हुकूम झाला, म्हणून चार शब्द लिहून आणले आहेत. चुकेल ते पदरात घ्यावे.

मंडळाच्या बैठकीत हा विषय मी प्रथम काढला तेव्हा दोघी-तिघींनी नाके मुरडली, ते मी विसरलेले नाही. 'अगं, कार्टून ते काय, मोबाइलवर फुकट दिसतंय की! त्यासाठी लोकलने तेवीस पोरं हाकत न्यायची?' बोलणे खोटे नव्हते. पण माझ्या मनात एक जुनी गोष्ट होती. ती आधी सांगते.

माझे माहेर नाणे मावळातले. आमच्या गावात त्या काळी मोजके टीव्ही होते, त्यांतला एक गुरुजींच्या घरी. १९९३ साली, मी सातवीत असताना, रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगलीची चित्रांची मालिका लागे. त्यातल्या शेरखान वाघाला नाना पाटेकरांचा आवाज होता. गुरुजींच्या पडवीत आम्ही तीस-पस्तीस पोरे एकमेकांच्या मांडीवर बसायचो. शेरखान बोलू लागला की पुढची पोरे मागे सरकत आणि मागची त्यांना पुढे ढकलीत. वीज तर हमखास जायची. मग अंधारात कोणीतरी वाघ व्हायचा, कोणी अस्वल, आणि राहिलेली गोष्ट आम्हीच पुरी करायचो. पुढे माझी शाळा सुटली, कारण आठवीचा वर्ग होता कामशेतला आणि मुलीला रोज एवढ्या लांब धाडायला घरचे तयार नव्हते. त्या पडवीत मात्र मला एक गोष्ट कळली. एकट्याने पाहिलेला वाघ आणि तीस पोरांनी मिळून पाहिलेला वाघ, हे दोन वाघ वेगळे असतात.

ही चित्रे हलतात कशी, याचे मला लहानपणापासून नवल. परवा वाचनालयातून एक पुस्तक आणून थोडेसे वाचले. हाताने काढलेल्या सिनेमात एका सेकंदाला चोवीस चित्रे डोळ्यांपुढून जातात. प्रत्येक चित्र आधीच्याहून तीळभर निराळे, म्हणून आपल्याला ते जिवंत वाटते. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ सालीच 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपट केला होता. काड्यापेटीतल्या काड्या जराशा हलवायच्या, चित्र घ्यायचे, पुन्हा जराशा हलवायच्या, पुन्हा चित्र. नाशकात बसून हे करणाऱ्या माणसाची चिकाटी किती असेल! आपण एका पातेल्यातल्या शेवया मोडताना कंटाळतो. पुण्याच्या प्रभात कंपनीनेही १९३४ साली 'जंबूकाका' हा कोल्ह्याचा चित्रपट काढला होता. आणि लहानपणी टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलेली ती चिमण्यांची आणि जाळ्याची गोष्ट, जिच्यात एकीचे बळ सांगितले आहे, ती १९७४ साली एका मराठी बाईने, विजया मुळे यांनी केली, हे मला या वयात कळले. तिच्यातली चित्रे भीमसेन यांची. आपल्या पोरांना ही नावे सांगायला हवीत. आता हे सारे काम संगणकावर होते म्हणे, पण बसणाऱ्याची पाठ तशीच मोडत असणार.

असो. सहलीकडे येते.

आम्ही निवडलेला सिनेमा होता 'महावतार नरसिंह'. अश्विन कुमार नावाच्या दिग्दर्शकाने तो केला आहे. २०२५ सालच्या २५ जुलैला तो लागला, आणि योगायोग असा की तो श्रावणाचा पहिला दिवस होता आणि वारही शुक्रवार, म्हणजे आपल्या जिवतीचा. दोन आठवडे झाले तरी गर्दी ओसरत नव्हती. काही गावी लोक चपला बाहेर काढून आत बसले, असे वर्तमानपत्रात आले होते. आम्ही रविवार, १० ऑगस्ट धरला. आदल्या दिवशी राखी पौर्णिमा झाली होती, म्हणून सगळ्या पोरांच्या मनगटांवर राख्या. पाऊस नेहमीचा, म्हणजे लोणावळ्याचा. त्या दिवशी पुण्या-मुंबईची सारी माणसे भुशी धरणावर भिजायला आपल्याकडे येत होती आणि आम्ही तेवढ्या सहाजणी तेवीस पोरे घेऊन उलट्या दिशेने निघालो होतो. मळवलीपर्यंत चार वेळा मोजणी केली. कामशेतला एक पोर जास्त भरले. ते दुसऱ्याच बाईचे निघाले.

थिएटरात बाहेरचे खाणे नेऊ देत नाहीत हे ठाऊक होते. म्हणून चिंचवड स्टेशनच्या बाकावरच पोळीची गुंडाळी आणि चिक्की वाटून मोकळ्या झालो. आत लाह्यांचा भाव पाहून आपल्या कोषाध्यक्षाबाईंना घेरी यायची बाकी राहिली. एवढ्या पैशात आपल्याकडे पोतेभर मका येतो, असे त्या तिथेच मोठ्याने म्हणाल्या आणि लाह्या विकणारा मुलगाही हसला.

आत गेल्यावर कळले की सारे थिएटर पोरांचेच आहे. रविवारची सकाळ, त्यातून सणाचा दुसरा दिवस. माझ्या अंदाजाने दर मोठ्या माणसामागे तीन पोरे. ज्यांनी असे थिएटर पाहिले नसेल त्यांना सांगते, तिथे शांतता अशी नसतेच. पडदा उजळण्याआधी एक आजी पोराला नरसिंहाची गोष्ट सांगून संपवतही होती. तिथल्या खुर्च्या मिटणाऱ्या असतात. बसणारा हलका असला की खुर्चीच त्याला गिळते. आमची सर्वांत धाकटी, साडेचार वर्षांची, दोनदा अशी दुमडली गेली, वर फक्त गुडघे दिसत. शेवटी माझी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली, तेव्हा खुर्ची खाली राहिली.

आम्ही चष्म्याचा खेळ घेतला होता, म्हणजे काळा चष्मा लावला की चित्र अंगावर येते तो. पोरांच्या नाकावर ते चष्मे काही ठरेनात. एका हाताने चष्मा धरायचा आणि दुसऱ्याने शेजारच्याचा दंड. पहिल्या भागात वराह अवतार आहे. हिरण्याक्षाशी लढाई सुरू झाली तशी आमच्या रांगेतल्या एका मुलाने एक शोध लावला. चष्मा काढला की सगळे दोन-दोन आणि पुसट दिसते, मग राक्षस राक्षस वाटत नाही. त्याने तो शोध कानोकान पुढे पाठवला. पाच मिनिटांत अर्ध्या थिएटरातली पोरे भीती वाटली की चष्मे काढीत आणि धीर आला की लावीत होती. हे मोबाइलवर पाहणाऱ्या पोराला कोण शिकवणार? तिथे भीती वाटली की बोटाने पुढे सरकवायचे, संपले. इथे पुढे सरकवता येत नाही. शेजाऱ्याचा हात धरावा लागतो, आणि तो शेजारी कुठल्या आळीचा हेही ठाऊक नसते.

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते.

प्रल्हादाची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. होळीला आपण ती सांगतो. आणि श्रावणात जिवतीचा कागद भिंतीला लावतो, त्यावर नरसिंह आहेच की. खांब फुटलेला, मांडीवर हिरण्यकशिपू, शेजारी हात जोडून उभा असलेला लहानगा प्रल्हाद. खाली कालियावर नाचणारा कृष्ण, पोरे अंगाखांद्यावर खेळवणारी जिवती, बुध-बृहस्पती. आघाड्याची माळ घालतो, दूर्वा वाहतो, दूधसाखरेचा आणि फुटाण्यांचा नैवेद्य दाखवतो, पुरणाच्या दिव्यांनी पोरांना ओवाळतो. पोर परगावी असेल तर त्या दिशेला अक्षता टाकतो. लग्नाला पंचवीस वर्षे झाली, त्या कागदापुढे मी हात जोडते आहे. पण त्यावर काय चालले आहे हे मी कधी नीट पाहिले नव्हते. एक बाप पोटच्या पोराला छळतो आहे, आणि ते पोर त्यातून जगते, असा तो कागद आहे.

सिनेमात तो भाग आला. बाप पोराला मारायला निघाला. अवघे थिएटर, जे तासभर बाजारासारखे गजबजले होते, ते गप्प झाले. चष्मेसुद्धा कोणी काढीना. एवढ्यात आमच्यापुढे दोन रांगा सोडून एका बारक्या मुलीचा आवाज आला, अगदी स्वच्छ: "मम्मी, ह्याची आई कुठंय?"

तिच्या आईने "शू" केले. पण डाव्या अंगाने कुठून तरी एका मुलाने मोठ्याने उत्तर दिले: "ती सैपाक करत असंल!"

पोरे खो खो हसली. भगिनींनो, पोरे हसली, पण आम्ही सहाजणींपैकी एकही हसली नाही. मी शेजारी पाहिले. बाईसाहेब पडद्याकडे पाहत होत्या आणि पदर मुठीत घट्ट धरला होता. कोण ते सांगत नाही.

माझ्यापुरते मात्र सांगते. हे सांगण्याआधी मी घरी विचारले आहे. आमचे हे म्हणाले, "सांग. खोटं थोडंच आहे?"

२००५ साली दिवाळीच्या सुमारास 'हनुमान' हा चित्रांचा सिनेमा लागला होता. व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांनी केलेला. भाऊबीजेला पुण्याला गेलो होतो, तेव्हा आम्ही तो पाहिला. आमचा थोरला तेव्हा चार वर्षांचा. बाळ हनुमान सूर्याला फळ समजून झेपावतो तिथे थिएटरातली सगळी पोरे "पकड, पकड" म्हणून ओरडत होती, आणि आमचे हे पोराला खांद्यावर घेऊन त्यांच्याबरोबर ओरडत होते. मागच्या माणसाने "खाली बसवा" म्हटले तरी यांचे लक्ष नाही. पुढे आठवडाभर घरात संत्रे आले की पोर आधी ते उंच धरी आणि भाजल्यासारखे करी. त्या दिवसाइतके हसरे यांना मी फार थोड्या वेळा पाहिले आहे.

तेच हे, आणि तेच पोर. पोर बारा वर्षांचे झाले, अभ्यासात मागे पडले, खोटे बोलू लागले. यांच्या कामाचे तेव्हा काही खरे नव्हते, घरात पैशाची ओढाताण. संध्याकाळी शाळेची वही उघडली की पट्टा निघे. रोज नव्हे, पण निघे. आणि मी कुठे असे? त्या मुलाने थिएटरात बरोबर सांगितले, मी तिथेच असे. मला वाटे, मध्ये पडले तर यांचा राग वाढेल, पोराला जास्त बसेल. काही अंशी ते खरेही होते. पण सगळे खरे नव्हते. मला भीतीही वाटत होती, आणि बापाने धाक दाखवायचाच असतो असे मी माहेरीही ऐकले होते.

सिनेमा पुढे चालू झाला. खांब फुटला तेव्हा पोरे खुर्च्यांवर उभी राहिली. टाळ्या, शिट्ट्या, कोणी हात जोडले. शेवटची लढाई फार लांबवली आहे असे माझे मत. रक्तही जरा जास्त दाखवले आहे, आणि सहा वर्षांखालच्यांना नेण्याआधी विचार करावा, हे मी चिटणीसबाईंना लेखी कळवले आहे. आमची धाकटी शेवटच्या अर्ध्या तासात माझ्या कुशीत तोंड खुपसून होती आणि "झालं का? झालं का?" विचारत होती. परतीच्या लोकलमध्ये पोरांनी खांब म्हणून डब्यातली दांडीच धरली आणि तळेगावपर्यंत आळीपाळीने नरसिंह निघत राहिले. डब्यातल्या भाजीवाल्या मावशींनी प्रत्येकाला नमस्कार केला. मी खिडकीशी बसून होते. एरवी मी गप्प बसणारी नाही, म्हणून दोघींनी विचारले, गाडी लागली का. मी म्हटले, हो.

त्याच आठवड्यात १५ ऑगस्ट आला, तोही शुक्रवार. थोरला चाकणला कंपनीत आहे, आता चोवीस वर्षांचा झाला. सुट्टी म्हणून घरी आला. एरवी मी चाकणच्या दिशेला अक्षता टाकते. त्या दिवशी तो समोर पाटावर बसला. पुरणाचे दिवे लावले, ओवाळले. कागद समोरच भिंतीवर. तो उठणार एवढ्यात मी विचारले, "तुला ते पट्ट्याचं आठवतं का रे?"

तो कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, "आठवतं."

मी म्हटले, "मी मध्ये आले नाही."

तो म्हणाला, "तू मिक्सर लावायचीस."

मला ते आठवतच नव्हते. खरे सांगते, आठवत नव्हते. त्याने सांगितल्यावर आठवले. चटणी झालेली असायची, तरी मी भांडे पुन्हा लावायची आणि बटण दाबून धरायची. पोराच्या कानात बारा वर्षे तो मिक्सर राहिला, आणि माझ्या आठवणीतून पार निघून गेला.

मी काही बोलू शकले नाही. तोच म्हणाला, "जाऊ दे आई, दिवा विझेल." मग त्याने पुरणाचा दिवा खाल्ला. त्या दिवशी संध्याकाळी त्याने मला विचारले, की तुम्ही एवढ्या बाया पोरे घेऊन गेलात, मला का नाही सांगितले, मी चाकणहून आलो असतो. चोवीस वर्षांचा घोडा! मी त्याला ते थिएटर सांगितले. चष्म्याची गंमत सांगितली, दुमडलेली पोरगी सांगितली, आणि ती बारकी मुलगी काय म्हणाली तेही. त्या मुलाचे उत्तर सांगितले तेव्हा तो हसला, आणि मग मीही हसले. स्वयंपाकघराच्या दारात आमचे हे उभे होते. त्यांनी ऐकले. रात्री जेवताना पोराच्या पानात भाताची मूद त्यांनी स्वतः वाढली. आमच्या घरी हे वाढायला कधी उठत नाहीत. कोणी काही बोलले नाही.

भगिनींनो, बैठकीत ज्यांनी विचारले होते की मोबाइलवर दिसते तर थिएटरात कशाला, त्यांना माझे उत्तर एवढेच. मोबाइलवर मला तो प्रश्न ऐकू आला नसता. ती मुलगी कोण, कुठली, मला ठाऊक नाही. तिचे तोंडही मी पाहिले नाही, पुढच्या खुर्चीवरून दोन वेण्या तेवढ्या दिसल्या. तिच्या आईने तिला "शू" केले त्याबद्दल मी त्या आईला दोष देत नाही, आमच्या सहलीतही मी सकाळपासून पन्नास वेळा "शू" केले होते. पण पुढच्या वेळी नेऊ तेव्हा बसण्याची रचना बदलावी, अशी माझी सूचना आहे. मागच्या खेपेला आपण सहाजणी सोयीसाठी एका कडेला बसलो आणि पोरांना पलीकडे सोडले. त्याऐवजी दर चार पोरांमध्ये एक बाई बसावी, म्हणजे पोरे काय बोलतात ते आपल्या कानावर पडेल.

आणखी दोन सूचना. थिएटरात गारठा फार, म्हणून दर पोरामागे स्वेटर किंवा जुनी शाल द्यावी. आणि चष्म्याचा खेळ असल्यास आईंनी घरूनच रबराची दोरी पाठवावी, ती काड्यांना बांधली की चष्मा ठरतो.

जुन्यांपैकी एक चित्रपट दाखवावा असेही मनात आहे. जपानी आणि आपल्या लोकांनी मिळून केलेले 'रामायण' १९९३ सालचे. आपले राम मोहन त्यात होते, आणि हिंदीत रावणाला अमरीश पुरींचा आवाज आहे. २०२५ च्या जानेवारीत ते पुन्हा थिएटरांत आले होते, तेव्हा आपला योग हुकला. समाजमंदिरात पांढरी चादर लावून दाखवता आले तर लोकलचा खर्च वाचेल आणि शेजारच्या आळीतली पोरेही येतील. त्याची रीतसर परवानगी कशी काढायची ते चिटणीसबाई पाहणार आहेत.

उन्हाळी सुट्टीच्या सहलीसाठी नावे माझ्याकडे किंवा कोषाध्यक्षाबाईंकडे द्यावीत. मुले आतापर्यंत एकोणतीस झाली आहेत. मोठ्यांमध्ये आपण सहाजणी, आणि एक तिकीट जास्त धरावे. आमचे हे येतो म्हणाले आहेत.